कडुनिंबावरचा कोट

बोरी अरबच्या आठवडी बाजारात आलूबोंड्याच्या गाडीमागे एक कडुनिंब आहे. त्याच्या फांदीला काळा कोट टांगलेला दिसला, की वकील आले असं लोक समजायचे. कोट नसला, तर भाजी घेऊन आपापल्या गावाला परत. पाटी नव्हती, टेबल नव्हतं, खुर्चीसुद्धा नव्हती. एकदा मी सरांना म्हटलं, 'मोफत कायदेशीर सल्ला' अशी एक छोटी पाटी लावू या का?

"पाटी वाचून मानूस निघून जाते," सर म्हणाले. "त्याले वाटते, फुकटाचं हाय म्हंजे कामाचं नसन. कोट पाहून निदान विचारते तरी, बाप्पा हा कोट कोनाचा?"

फांदी उंच होती. तिथे सरांचाच हात पोचायचा. सत्तरी उलटली होती, पण अंग तुरीच्या वाळक्या तुऱ्हाटीसारखं सडसडीत आणि सरळ. स्कूटर झाडाखाली उभी केली की पहिलं काम कोट टांगायचं, मग गोणपाट अंथरायचं, मग बसायचं. तो कोट मी त्यांच्या अंगात फक्त कोर्टात पाहिला, तेही न्यायाधीश येऊन बसायच्या अगदी आधी. बाहेर पडले की पायरीवरच उतरवायचे. "गरम होते," एवढंच कारण द्यायचे, जानेवारीतसुद्धा.

मी नागपूरहून कायद्याची पदवी घेऊन यवतमाळला घरी परत आले होते. कायदा मला पुस्तकात आवडला होता. तो उभं राहून, लोकांसमोर, मोठ्या आवाजात बोलावा लागतो, ही गोष्ट मी पाच वर्षं सोयीस्करपणे विसरले होते. बाबांनी कुठूनतरी ओळख काढून मला सरांकडे पाठवलं. सरांनी तोवर पैसे घेऊन वकिली करणं सोडलं होतं. ज्यांना वकील परवडत नाही त्यांचीच कामं घ्यायचे. बाबांना वाटलं, अशा माणसाकडे गर्दी कमी असेल, मुलीला सोपं जाईल.

"शाळा कोनती?" सरांनी विचारलं. नाव विचारलंच नाही.

मी सांगितलं.

"म्हंजे कॉन्व्हेंट. मराठी वाचता येते?"

"येतं. हळू."

"हळूच वाचा लागते. सातबारा का कादंबरी हाय?"

त्या दिवसापासून मी 'कॉन्व्हेंट' झाले. बाजारातल्या मिरचीवालीपासून कोर्टातल्या बेलिफापर्यंत सगळे मला त्याच नावाने ओळखायला लागले. मला राग यायचा, पण सांगणार कोण? मी फार बोलत नसे. एकदा स्कूटर थांबवून त्यांनी मागे वळून विचारलं, "कॉन्व्हेंट, तू मुकी हायस का विचार करून राह्यली?"

"विचार करते आहे."

"मंग कर. घाई नाही."

बाजार म्हटलं की आजही मला आधी लसणाचा वास आठवतो. आलूबोंड्याच्या गाडीवाल्या मावशी सकाळीच लसणाचं एक टोपलं सरांपुढे आणून ठेवायच्या. सल्ला मागायला आलेल्या माणसाने बसायचं, टोपल्यातला लसूण घ्यायचा आणि सोलत सोलत आपली हकीकत सांगायची. पाटील असो, मजूर असो, की शाळेतले मास्तर. हा सरांचा नियम होता.

"हात मोकळे असले की मानूस हातवारे करते," ते म्हणायचे, "अन् हातवारे करता करता खोटं बोलते. लसून सोलतानी नाटक नाही जमत. ध्यान पाकळीवर राह्यते, खरं ते निसटते तोंडातून."

सोललेला लसूण मावशींच्या चटणीत जायचा. बदल्यात आम्हाला दिवसभर चहा. "अर्ध्या तालुक्याची भांडनं हायेत या चटनीत," मावशी गिऱ्हाइकांना सांगायच्या, "म्हनून तिखट हाय."

दुसरा नियम जास्त कठीण होता. माणूस खाली बसून "सायेब, त्यानं मले" असं सुरू करायला लागला, की सर हात वर करायचे. "पयले समोरच्याची बाजू सांग. तो इथी बसला असता तर काय म्हनला असता, तसं सांग. मंग तुह्यी ऐकतो."

एक जण आठवतो. पांढराशुभ्र शर्ट, हातात मोठा मोबाइल. शेजाऱ्याने धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडला अशी तक्रार होती.

"त्याची काय बाजू राहीन सायेब? तो मानूसच हलकट हाय."

"हलकट मानसालेही बाजू राह्यते. सांग."

"युट्यूबवरचे वकील असं काही इचारत नाही."

"मंग तारखेवर त्याइलेच घेऊन ये."

तो माणूस उठला, गाडीपर्यंत गेला, परत आला. बसला. लसूण घेतला. बराच वेळ सोलत राहिला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "तसं पाह्यलं तर माह्या वावरातलं पानी त्याच्या वावरात तुंबते. तूर पिवळी पडली त्याची."

"झाला तुहा निकाल," सर हसले. "नाली खोद अन् घरी जा. अन् मोबाइल जरा धू, लसून लागला त्याले."

फी विचारली की सर सांगायचे, "सोबत." ज्याचं काम झालं, त्याने पुढे कधीतरी, सर सांगतील तेव्हा, दुसऱ्या एखाद्या एकट्या माणसाबरोबर कोर्टात जाऊन बसायचं. बोलायचं काही नाही. नुसतं बाकावर शेजारी बसायचं, नाव पुकारलं की त्याच्याबरोबर उठायचं, आणि तारीख पडली की बसस्टँडपर्यंत सोडून यायचं. म्हणून आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात विचित्र जोड्या दिसायच्या. लुगड्यातली म्हातारी आणि शेजारी दाढी वाढवलेला कॉलेजचा पोरगा. एखादे गुरुजी आणि एखादी बांगड्या विकणारी. एकमेकांची नावंही माहीत नसायची.

"कोर्टाची भीती शिक्षेची नसते, कॉन्व्हेंट," सर म्हणाले होते. "आपलं कोनी इथी नाही, याची राह्यते."

कळंबला एकदा कायदेविषयक शिबिर होतं. सरांना ज्येष्ठ म्हणून बोलावलं. मंडप, माइक, पुष्पगुच्छ, मागे 'महिलांचे हक्क' असा मोठा फलक. पुढच्या खुर्च्यांवर साहेब लोक, आणि ज्यांचे हक्क होते त्या बाया सगळ्यात मागे, सतरंजीवर. सरांचं नाव पुकारलं. ते माइकपाशी गेले, नमस्कार केला, आणि सरळ खाली उतरून मागे सतरंजीवर जाऊन बसले. पिशवीतून लसूण काढला. आयोजक माइकवरून "सर, सर" करत राहिले. बाया आधी हसल्या, मग जवळ सरकल्या. पुढे दोन तास मंडपाचं तोंड उलट दिशेला होतं. त्यानंतर सरांना कोणत्याही शिबिराला बोलावणं आलं नाही.

परतताना चिंतामणीच्या देवळात गेलो. सर पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत होते. म्हणाले, "पाह्य ना, जो तो आपलाच अर्ज करून राह्यला. देवाची बाजू कोनी ऐकतच नाही."

ते सतत गोड होते असं नाही. मोबाइल वापरत नसत, त्यामुळे तारीख बदलली की मला त्यांच्या घरी जाऊन सांगावं लागे. वर "काहून आली?" म्हणून विचारत. बार रूममधल्या निम्म्या वकिलांशी त्यांचं बोलणं बंद होतं, आणि कोणाशी कशावरून, हे त्यांच्या लक्षात नसायचं. समोरच्याची बाजू आधी, या नियमाला अपवाद नव्हता. समोरचा माणूस रडत असला तरी नाही. रेखाताई आल्या त्या दिवशी मला हे फार लागलं.

रेखाताई बोरीजवळच्याच एका खेड्यातल्या. नवरा आदल्या उन्हाळ्यात वारलेला. त्यांच्या वावराला जायची पांदण, म्हणजे गाडीवाट, दिराच्या वावराला लागून जाते. दिराने त्या पांदणीवर बाभळीच्या काट्या टाकल्या आणि पुढे आडवा चर खोदला. ऐन कापूस फुटलेला. वेचणाऱ्या बाया फिरून नाल्यातून गाठोडी डोक्यावर घेऊन यायला तयार नव्हत्या, आणि बैलगाडी तर जाऊच शकत नव्हती. एक पाऊस आला असता, तर सगळं झाडावरच भिजलं असतं. पण त्यांची खरी भीती वेगळी होती.

"यंदा कापूस घरी नाही आला," त्या म्हणाल्या, "तर सारे म्हनतीन, बाईमानसाच्यानं होत नाही, देऊन टाक वावर भाऊजीले. दोन दिवस म्हनतीन, तिसऱ्या दिवशी मलेही तसंच वाटन."

सरांनी टोपलं पुढे सरकवलं. "पयले दिराची बाजू सांग बाई."

रेखाताईंनी टोपल्याला हात लावला नाही. "माहा रस्ता अडवला, अन् मी त्याचीच बाजू सांगू?" आणि रडायला लागल्या. भोवती बाजार चालला होता. कोणीतरी पायलीने चणे मोजत होतं. मला वाटलं, आता तरी सर म्हणतील, राहू दे. ते लसूण सोलत राहिले. मी उठून मावशींकडून पाणी आणलं आणि मुद्दाम सरांकडे न बघता रेखाताईंना दिलं.

खूप वेळाने रेखाताईंनी एक पाकळी उचलली.

मग कळलं. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही करतात. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची पूजा, दहीभाताचा नैवेद्य, मग वेचायला सुरुवात. रेखाताईंचे यजमान दरवर्षी स्वतः जाऊन भावाच्या घरच्यांना बोलवायचे आणि दोन्ही घरं धुऱ्यावर बसून जेवायची. या वर्षी भावकीतल्या म्हाताऱ्या बायांनी रेखाताईंना सांगितलं, तुझ्या कपाळाला आता कुंकू नाही, तू ही पूजा करायची नाही. म्हणून त्यांनी पूजा केली नाही. कोणाला बोलावलं नाही. एका सकाळी चार बाया घेऊन गुपचूप वेचायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पांदणीवर काट्या होत्या.

"भाऊजीले वाटलं असन," रेखाताई पाकळीकडे बघत म्हणाल्या, "भाऊ गेला अन् वहिनीनं नातंच तोडलं."

सर मान हलवत म्हणाले, "बरोबर वाटलं त्याले. पन रुसवा वेगळा अन् रस्ता वेगळा. दोन्हीचा अर्ज एका कागदावर होत नाही." मग माझ्याकडे वळले. "रस्त्याचा तू लिही."

मी घरी बसून तहसीलदारांकडे करायचा अर्ज लिहिला. रेखाताईंचं रडणं डोक्यात होतं. सरांनी वाचला आणि परत केला.

"याच्यात हा दीर म्हंजे रावन दिसून राह्यला. सायेब वावरात येतीन तवा त्याइले एक साधा मानूस दिसन, बनियनवर उभा असलेला. मंग तुह्या कागदावर त्याइनं भरोसा काहून ठेवावा?"

मी अर्ज पुन्हा लिहिला. पांदण कुठून निघते, किती जुनी आहे, कुठे अडवली आहे. बस.

तहसीलदार पाहणीला आले तो दिवस. जीप गावाबाहेर ठेवून सगळे चालत निघाले. तलाठ्याच्या हातात नकाशा. मागे निम्मं गाव. काट्यांच्या पलीकडे दीर उभा, खरोखरच बनियनवर. अलीकडे रेखाताई, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. सर बाभळीच्या सावलीत एका दगडावर बसले, दुपट्टा कानांवरून गुंडाळला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "सायेब, माहा घसा बसला हाय. आमच्या वकीलबाई सांगतीन."

स्कूटरवर येताना सबंध रस्ताभर ते मोठमोठ्याने गात होते. पण मला ऐकू आलं ते 'वकीलबाई'. असं त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं.

मी बोलायला लागले. "जरा मोठ्यानं," तहसीलदार म्हणाले. मागे कोणीतरी हसलं. पाठ करून आणलेलं सगळं एकदम गेलं. रेखाताई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्यामागे पांढरंफटक वावर दिसत होतं. मला काहीच सुचेना, तेव्हा दर बाजारी जे ऐकत होते तेच तोंडातून निघालं.

"साहेब, आधी मी समोरच्यांची बाजू सांगते."

"हे कोनाची वकील हाय बाप्पा?" गर्दीतून एक जण म्हणाला.

मी सांगितलं. की यांचा सख्खा भाऊ गेला आहे. की दोन्ही घरं दरवर्षी सीतादहीला याच धुऱ्यावर जेवायची. की यंदा यांना कोणी बोलावलं नाही, आणि का बोलावलं नाही, हेही कोणी येऊन सांगितलं नाही. की वहिनीला पूजा करू नको असं बजावलं गेलं होतं, हे यांना माहीत नसावं. की यांचा राग खोटा नाही. आवाज किती मोठा होता मला ठाऊक नाही. पण हसणं थांबलं होतं.

"पण ही पांदण या दोघा भावांच्या आधीपासूनची आहे," मी म्हटलं. "तलाठ्यांच्या नकाशात आहे. रुसवा खरा असला, तरी तो रस्त्यावर आणून टाकता येत नाही. कापूस आज फुटलेला आहे. तो थांबणार नाही."

तहसीलदारांनी दिराला विचारलं, "काय म्हणणं आहे?"

दिराने काट्यांकडे पाहिलं. "बाई म्हनते ते सारं खरं हाय," तो म्हणाला. मग मान वर करून, "पन मी काट्या उचलनार नाही."

सगळे हसले, तहसीलदारसुद्धा. काट्या त्याने उचलल्याच नाहीत. आदेश निघाल्यावर कोतवालाने आणि गावातल्या दोन पोरांनी उचलल्या, चर बुजवला, आणि पाऊस यायच्या आत रेखाताईंचा कापूस गाडीने घरी आला. वावर त्यांचंच राहिलं.

परतताना स्कूटर सुरू झाली तसं सरांचं गाणंही सुरू झालं.

"सर, घसा?"

"सुटला."

पुढच्या वर्षी रेखाताईंनी सीतादही केलं. स्वतः, कुंकवाशिवाय. म्हाताऱ्या बाया आल्या नाहीत. आम्हाला बोलावणं होतं. दिराकडे त्या जाऊन सांगून आल्या होत्या, पण दीर आला नाही. जेवायला बसणार तेवढ्यात पांदणीने त्याची बायको येताना दिसली, हातात झाकलेलं भांडं.

"ते येत नाही म्हनते," ती म्हणाली. "पन दही त्याइनंच लावलं."

सरांनी तो दहीभात दोनदा मागून घेतला. रेखाताईंनी त्यांना विचारलं, "माही सोबत कवा सांगता सायेब? कोनासंग बसू?" हे त्या प्रत्येक बाजारी विचारायच्या. सरांचं उत्तर ठरलेलं, "तुह्यी राहू दे अजून." त्या दिवशी मात्र ते त्यांना धुऱ्याच्या टोकापर्यंत घेऊन गेले आणि काहीतरी बोलले. मी विचारलं नाही. मी फार विचारत नाही.

त्यानंतरच्या पोळ्याच्या सुमारास सर गेले. स्मशानात इतके लोक होते की त्यांच्या मुलीने मला विचारलं, हे सगळे कोण? पुष्कळ जण जोडीजोडीने उभे होते.

हिवाळा लागल्यावर मी बोरीला गेले. माझा कोट पिशवीत होता. कडुनिंबाखाली गेले, फांदीकडे पाहिलं, आणि भाजी घेऊन परत आले. पुढच्या बाजारी पुन्हा गेले. या वेळी गोणपाट अंथरून बसले. कोट पिशवीतच राहू दिला. मावशींनी लसणाचं टोपलं आणून पुढे ठेवलं. मी एकटीच सोलत बसले. लोक झाडापर्यंत यायचे, वर बघायचे आणि पुढे जायचे.

मग शेजारी कोणीतरी बसलं. रेखाताई होत्या. त्यांनी टोपल्यात हात घातला.

"बाजाराला आलात?" मी विचारलं.

"नाही. सोबतीले आली."

"कोणाच्या?"

"सायेबानं मागंच सांगतलं होतं, वावरात. म्हने, मी नसलो का ते कॉन्व्हेंट झाडाखाली एकटी बसन. तिले कोर्टाची आता भीती नाही वाटत, माह्या जागी बाजारात बसाची वाटते. तिच्यासंग जाऊन बस. मागच्या बाजारी तुम्ही दिसल्या नाही, म्हनून आज पुन्हा आली."

मी लसूण सोलत राहिले. पाकळी नीट दिसत नव्हती.

एक म्हातारा काठी टेकत आला. झाडाच्या फांदीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "आज वकील नाही आले काय?"

"आले ना बाबाजी," रेखाताई म्हणाल्या. "कोट टांगाचा राह्यला फक्त."

मी पिशवीतून कोट काढला आणि उभी राहिले. हात फांदीला पोचेना. टाचा उंचावून पाहिल्या, तरी नाही. रेखाताईंनी हातातला लसूण खाली ठेवला, उठल्या, उडी मारल्यासारखं करून फांदी पकडली आणि दोन्ही हातांनी खाली ओढून धरली. मी कोट टांगला. त्यांनी फांदी सोडली, तसा तो वर गेला.

म्हातारा काठी बाजूला ठेवून गोणपाटावर बसला. "बाई, माह्या पोरानं मले..."

मी टोपलं त्याच्यापुढे सरकवलं.

"आधी पोराची बाजू सांगा बाबाजी," मी म्हटलं. "मी ऐकते."